टेकडीवरची ताडपत्री

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद पडली आणि बाहेरगावी शिकणारी कर्नाटकातल्या आमच्या बाजारकुणंग गावची पोरं घरी परतली. तास फोनवर सुरू झाले, पण रेंज मिळायची ती गावामागच्या टेकडीवर. ‘ऑनलाइन गेली’ म्हणजे टेकडीवर गेली, असाच अर्थ आमच्याकडे रूढ झाला.

माझी पुतणी तेव्हा बीएला होती. घरात फोन एकच, तोही दादाचा. मुलगे टेकडीवर एकटे जात. मुलीला एकटीला पाठवायची छाती कुणाची नव्हती. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचं हे रान, गवे नि अस्वलं नेहमीची. शिवाय लोकांची तोंडं वेगळी. म्हणून दादा सोबत जाई. चौथीत शाळा सुटलेला माणूस, कोयता मांडीजवळ ठेवून दगडावर बसायचा आणि मधूनच विचारायचा, “मास्तर दिसतात काय गे?”

दादा मजुरीला गेला की तिचा तास बुडायचा. हजेरी तिच्या नावावर मांडली जाई, पण ठरायची दादाच्या कामावर. वहिनीने शेणगोठा स्वतःकडे घेतला, त्याची नोंद तर कुठेच नाही. पालकांचा पाठिंबा म्हटलं की शहरातल्या लोकांना अभ्यासाची खोली आणि लॅपटॉप आठवतो. आमच्याकडे तो मोडलेल्या रोजात मोजावा लागेल.

१७ नोव्हेंबर २०२० ला कर्नाटकातली पदवी कॉलेजं उघडली, पण एप्रिलमध्ये दुसरी लाट आली नि पुन्हा टेकडी. आता पावसाची. दादाने चार मेढी रोवून ताडपत्री बांधली. वारा आला की एक टोक तो हातात धरून उभा राही, फोन तिच्या पदराखाली. इकडे खांब पडला की दोन-दोन दिवस वीज नसे. काळी नदीवरच्या सुपा धरणात आमचं जुनं तालुक्याचं गाव बुडालं, वीज मात्र दूरच्या दूर गेली. फोन चार्ज व्हायचा शेजाऱ्याच्या बाईकवर.

सिंधुदुर्गात एका मुलीला भावांनी डोंगरावर खोप उभारून दिली, ही २०२० मधली बातमी खूप गाजली. कौतुक मीही केलं. पण टॉवरचं काम भावांनी आणि बापांनी करायचं, यात एवढं टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

जून २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी कॉलेजांतल्या दीड लाखाहून जास्त विद्यार्थ्यांना टॅब वाटायला सुरुवात केली. टॅब चांगलेच, पण रेंज काही त्यांतून येत नाही. नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली ती जुलै २०२२ मध्ये.

त्याआधी वर्षभर, २६ जुलै २०२१ पासून, कॉलेजं पुन्हा भरू लागली होती. पुतणी हॉस्टेलवर गेली. दादाने टेकडीवरची ताडपत्री सोडून आणली आणि परड्यातल्या लाकडांवर घातली.