मडगार्डवरच्या लाल चकतीचा चंद्रावरचा मावसभाऊ

आज रात्री जेवणं झाली की एक काम करा. घरातला मोबाईल मागून घ्या (गेम खेळायला नाही, हे आधीच सांगून टाका). टॉर्च लावा आणि सायकल उभी असते तिथे जा. पार्किंगमधला दिवा बंद करा. सायकलच्या मागे दहा-बारा पावलांवर उभे राहा, टॉर्च कानशिलाला टेकवून अगदी डोळ्याशेजारी धरा आणि मागच्या मडगार्डवरच्या लाल चकतीकडे बघा. कशी लखलखते! ना सेल, ना वायर.

आता नजर चकतीवरच ठेवा आणि टॉर्चचा हात हळूहळू बाजूला लांब न्या. झोत मात्र चकतीवरून हलू देऊ नका. सायकल जागची हललेली नाही, तुम्हीही नाही, पण लखलखाट गुल! हात पुन्हा कानाशी आणला की चकती पुन्हा पेटते. टॉर्च ताईच्या हातात देऊन तिला तीन-चार पावलं बाजूला उभं केलंत तर भांडणच लागेल. ती म्हणणार, "केवढी चमकतेय!" तुम्ही म्हणणार, "कुठे काय?" आणि दोघांचंही खरं.

या चकतीला आपण सगळे रिफ्लेक्टर म्हणतो. तिचं वागणं आरशासारखं नाही. आरशावर तिरका झोत टाकला तर तो पलीकडे तिसरीकडेच जातो. रिफ्लेक्टर मात्र ज्याने प्रकाश दिला त्यालाच तो परत करतो, मग तो समोरून आलेला असो की थोडा तिरका.

हे कसं जमतं? भिंग असेल तर चकती जवळून पाहा. प्लास्टिकच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी दिसेल. ती शोभेची नाही. त्यातलं प्रत्येक घर म्हणजे एक बारीकसा कोपरा आहे, तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात भेटतात तसा. तुमच्या खोलीचा कोपराही असाच असतो: दोन भिंती आणि एक फरशी. रबरी चेंडू त्या कोपऱ्यात जोरात मारा. एका भिंतीवर, मग दुसरीवर, मग फरशीवर आपटून तो साधारण तुमच्याच दिशेने परत येतो. (आईची फुलदाणी त्या कोपऱ्यात नाही ना, हे आधी बघा.) प्रकाशाचंही तसंच होतं, फक्त प्रकाश चेंडूपेक्षा कितीतरी काटेकोर! पहिल्या पृष्ठभागावर आपटल्यावर त्याची एक दिशा उलटते, दुसऱ्यावर दुसरी, तिसऱ्यावर तिसरी. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे, तिन्ही उलटल्या की उरतो एकच रस्ता, आला तो.

बहुतेक चकत्यांमध्ये मागे आरशाचा मुलामासुद्धा नसतो. प्लास्टिकमधून निघून मागच्या हवेत जायच्या बेतात असलेला किरण फार तिरका असला, तर तो बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आतच उलटतो. वरच्या वर्गातल्या दादाला विचारा, तो ऐटीत सांगेल, "पूर्ण आंतरिक परावर्तन!" म्हणूनच चकतीला तडा जाऊन मागे पाणी शिरलं की ती मंदावते. मागे हवा असेल तरच ही युक्ती चालते.

आता मावसभावाकडे येऊ. १९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांनी तिथे एक चौकट ठेवली. तिच्यात असेच काटकोनी कोपऱ्यांचे १०० काचेचे लोलक बसवलेले होते. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडला की सुमारे अडीच सेकंदांनी त्यातला इवलासा प्रकाश परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजलं की चंद्राचं अंतर कळतं. त्यातूनच समजलं की चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने आपल्यापासून दूर जातो आहे. एवढ्या वर्षांत त्या चौकटीला कोणी सेल घातलेला नाही की चार्जिंगला लावलेलं नाही, आणि ती अजून काम करते.

आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असाच एक छोटा घुमट आहे. नासाने दिलेला, जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद, आठ लोलकांचा. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर टाकला आणि विक्रमने तो परत पाठवला. विक्रम तोवर कधीचा झोपी गेला होता, पण लोलकांना जागं राहावं लागतच नाही. तुमच्या मडगार्डवरची चकती याच घराण्यातली. तिच्यावर चिखल साचू देऊ नका, एवढंच.

निसर्गालाही परतीच्या प्रकाशाची युक्ती ठाऊक आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नरकडच्या मुलांना हे सांगायलाच नको. उसाच्या कडेला बॅटरी मारली आणि दोन हिरवट ठिपके चमकले, तर तो बिबट्या असू शकतो. (मग लेख वाचत बसायचं नाही, घरात जायचं!) मांजराच्या आणि बिबट्याच्या डोळ्यांत मागच्या पडद्यामागे एक चमकदार थर असतो. भिंगातून आत गेलेला प्रकाश त्या थरावरून उलटून आला तसाच बाहेर पडतो. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या अशाच चमकत्या डोळ्यांचं पेटंट घेतलं. कसारा घाटातून रात्री येताना रस्त्यावर ठिपक्यांची रांग दिसते ना, त्याला ड्रायव्हरकाका अजूनही 'कॅट आय' म्हणतात. आणि हिवाळ्यात साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना मागून रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, तीही यासाठीच.

आणि सायकलवाल्यांनी हिवाळ्यातच जास्त जपायचं का? आपल्या नाशिकचा सूर्य थोडा आळशी आहे म्हणून! आपलं घड्याळ भारताच्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आणि नाशिक जवळपास ७४ अंशांवर, बरंच पश्चिमेला. घड्याळ तेच, पण नागपूरकरांना सूर्य आपल्यापेक्षा सुमारे वीस मिनिटं आधी भेटतो. त्यात एक कोडं आहे. वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा, पण नाशिकमध्ये सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. म्हणजे तिळगूळ खायच्या दिवसांत. आणि सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबर संपताना, सहाच्याही आधी. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा थोडी लांबट, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य डोक्यावर यायची वेळ रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही तिच्या मागोमाग सरकतात.

चौथीपर्यंतच्या वर्गांना राज्य सरकारने २०२४ मध्ये सवलत दिली, त्यांची शाळा नऊच्या आधी नको म्हणून. पाचवीच्या पुढच्यांचं काय? सातची शाळा असेल तर जानेवारीत साडेसहाला सायकल काढायची, तेव्हा बाहेर चक्क रात्र असते. त्याच वेळी सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीचे कामगार निघालेले असतात, पेपरवाले दादा गंगापूर रोडच्या सोसायट्या फिरत असतात, दूधवाले असतात. पन्नासच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे येते. तुमच्या शाळेची खोली किती लांब आहे ते मोजा आणि या आकड्याशी ताडून बघा. गाडीवाल्या काकांना तुम्ही दिसलात, त्यांचा मेंदू 'अरे, सायकल!' म्हणाला आणि पाय ब्रेकवर गेला, यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. मला गाडी दिसतेय म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसतोय, असं आपल्याला उगाचच वाटत असतं. गाडीचे दिवे झगझगीत असतात. तुम्ही नसता.

"पण आमच्या सायकलला रिफ्लेक्टर आहे की!"

आहे, आणि तो हवाच. पण तो स्वतःहून बोलत नाही, कोणी हाक मारली तरच ओ देतो. रविवार कारंज्यावर आडव्या गल्लीतून स्कूटर येते तेव्हा तिचा झोत तुमच्या मागच्या चकतीवर पडतच नाही. एखाद्या महाशयांनी हेडलाईटच लावलेला नसतो. आणि धुकं पडलं तर रिफ्लेक्टरची फारच फजिती होते. समजा, तुमच्या आणि गाडीच्या मधलं धुकं अर्धा प्रकाश खातं. गाडीचा झोत चकतीपर्यंत पोचेतो अर्धा झाला. परतीच्या वाटेवर त्याचाही अर्धा झाला. उरला पाव! तुमच्या सायकलला स्वतःचा दिवा असेल तर त्याच्या प्रकाशाला धुकं एकदाच ओलांडायचं असतं, त्यामुळे अर्धा तरी पोचतो. गोदावरीच्या काठाने, गंगापूर धरणाकडून येणाऱ्यांनी हा हिशोब वहीत लिहून ठेवावा.

म्हणून पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल. हे रंग ठरलेले आहेत, कारण लाल दिसला की सायकल आपल्या पुढे चालली आहे आणि पांढरा दिसला की समोरून येते आहे, हे लांबूनच कळतं. कोणी दोन्हीकडे निळे-हिरवे चमचमते लावतात. दिसायला झकास, पण अंधारात ते नेमकं काय आहे, हे कळायलाच वेळ जातो. पुढचा दिवा किंचित खाली वळवा, समोरच्याचे डोळे दिपवायला तो नाही.

तुमच्या आजोबांना डायनामोबद्दल विचारा. चाकाला घासणारी बाटलीसारखी डबी, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. चाक फिरलं की चुंबक फिरायचं आणि तारेत वीज यायची. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेली ही करामत आजोबा पायांनी चालवत होते. पायडल जड व्हायचं आणि सिग्नलला थांबलं की दिवा डोळे मिटायचा. बिनदिव्याच्या सायकलला पोलीस अडवायचे, तेव्हा आजोबांनी काय थापा मारल्या, तेही विचारा. आताचा एलईडी दिवा अंगठ्याएवढा, वीज पितो थेंबभर. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. एवढं करून तो चार्ज करायचं विसरतं कोण? आपणच.

आपल्या नाशिकच्या मोठ्या सायकलपटूंचं बघा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. तेव्हा नाशिकला नेमणुकीवर असलेल्या लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत रात्री मदतीची गाडी सायकलच्या अगदी मागे, तिच्यावर हेडलाईटचा उजेड धरून चालते, तसा नियमच आहे. आपल्याकडे २०० ते ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकलफेऱ्या होतात. तिथेही रात्रीसाठी पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट सक्तीचं. पाय कितीही दणकट असू देत.

कपड्यांचीही एक गंमत सांगते. शाळेचा लालभडक स्वेटर अंधारात उठून दिसेल असं वाटतं ना? उद्या पहाटे लवकर उठून कुंडीतली जास्वंद बघा. हिरवी पानं दिसतील आणि लाल फूल काळपट! उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी थकतात आणि दंडाकार पेशी काम हाती घेतात, पण त्यांना लाल रंग जवळपास दिसतच नाही. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी टिपली होती. निऑन हिरवा टी-शर्ट ढगाळ सकाळी उपयोगी, कारण तो उन्हातली अदृश्य अतिनील किरणं गिळून त्यांचा हिरवा उजेड करतो. रात्री अतिनील किरणं आणणार कुठून? तेव्हा हव्यात चमकपट्ट्या.

आणि त्या लावायच्या कुठे? मला विचाराल तर आधी घोट्यांवर. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर नुसते प्रकाशाचे ठिपके ठेवून काळोखात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्यांना काहीच उमगेना. तो चालू लागला की क्षणात सगळे ओळखत, माणूस आहे! आपला मेंदू माणसाच्या हालचालीचा पक्का जाणकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांतही असंच दिसलं. नुसत्या जाकिटापेक्षा गुडघ्या-घोट्यांवर पट्ट्या असलेले सायकलस्वार चालकांनी जास्त वेळा ओळखले. पायडलच्या कडेला पिवळे तुकडे बसवलेले असतात, ते याच कारणासाठी.

हा प्रयोग सोसायटीच्या आवारात करून बघा, रस्त्यावर नाही. दोन मित्र, दोन सायकली. एकाच्या पाठीवर पट्टी, दुसऱ्याच्या दोन्ही घोट्यांवर, दोघांनाही लांबच्या टोकाला पाठवा. टॉर्च तुमच्या कानाशी. 'सायकल!' असं आधी कोणाकडे बघून ओरडाल, ते मी सांगत नाही. फक्त घोट्यावरची पट्टी चेनच्या बाजूला घट्ट बांधा, नाहीतर ती चेनमध्ये जाईल आणि सायकलवाले काका ती काढताना लेक्चर देतील ते वेगळंच.