कर्करोग : टाळणें आणि वेळीं ओळखणें

आपल्या शरीरांतील पेशी झिजतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या वाढीस मर्यादा असते. कांहीं कारणानें ती सुटली म्हणजे पेशी स्वैर वाढूं लागतात, शेजारच्या भागांत शिरतात व रक्तावाटे दूरच्या अवयवांतहि जाऊन रुजतात. यासच कर्करोग म्हणतात. तो स्पर्शानें होत नाहीं. म्हणून रोग्यास दूर बसविण्याचें कांहींएक कारण नाहीं.

हा रोग केवळ दैवाधीन, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ३० ते ५० टक्के कर्करोग टाळतां येण्याजोगे आहेत. आम्हां कोंकणवासीयांनीं प्रथम तोंडाचा विचार केला पाहिजे. तंबाखू भाजून केलेली मशेरी कित्येक घरांत बायका दांतांस लावतात व तिला दंतमंजन समजतात. पण भाजल्यानें तंबाखूचें विष जात नाहीं. सुपारी तर आमच्या वाडींतलीच; तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखूवांचून खाल्लेली सुपारीहि कर्करोगकारक ठरविली आहे. महाराष्ट्रांत गुटख्यास २०१२ सालीं बंदी झाली; परंतु संवय सोडणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

दुसरा उपाय तपासणीचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घ वास्तव्यानें होतो व तो होण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधींत तो ओळखून थोपवितां येतो. धाराशिव, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारें १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गटास या विषाणूच्या एकाच तपासणीची सोय मिळाली, त्यांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें कमी झाले. मुंबईंत टाटा रुग्णालयानें दहाव्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस शिकवून, व्हिनेगरांतील आम्ल लावून करावयाची साधी तपासणी वस्त्यांतून करविली. तेथें मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. या विषाणूवर लसहि आहे. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींस द्यावी असें तज्ज्ञ सांगतात.

आपल्या जिल्ह्यांतहि चिपळूण तालुक्यांतील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयानें टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यानें खेडोपाडीं तपासणीचें कार्य केलें आहे. तीस वर्षांवरील माणसांचें तोंड आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख तपासण्याची योजना सरकारी आरोग्य केंद्रांतूनहि आहे.

अडचण आहे ती संकोचाची. आरंभीं हा रोग बहुधा दुखत नाहीं. आणि दुखत नाहीं तोंवर घरची बाई आपलें काम टाकून वैद्याकडे जात नाहीं. पुढें दुखूं लागलें म्हणजे मुंबईची वाट, कर्ज आणि पुष्कळदां उशीर. म्हणून विद्यार्थीमित्रांनो, तोंडांत दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास त्रास, स्तनांत गांठ, अवेळीं रक्तस्राव, हीं लक्षणें घरीं वाचून दाखवा. आजी व आई यांस तपासणीस जाण्याचा आग्रह करा. त्या दिवशींचें घरकाम तुम्हीं उचललें, तर त्यांस नाहीं म्हणण्यास निमित्त उरणार नाहीं.