लॅपटॉपास मोठा पडदा जोडताना

लॅपटॉपचा पडदा सुमारे १५ इंचांचा असतो. तो एका वाचकासाठी आहे, संपूर्ण वर्गासाठी नव्हे. मुलताईहून निघालेली तापी चांगदेवजवळ पूर्णेस मिळते, हे नकाशावर शेवटच्या रांगेतील मुलासही दिसले पाहिजे. यास्तव टीव्ही, मॉनिटर अथवा प्रोजेक्टर जोडण्याची कृती प्रत्येक शिक्षकास अवगत असणे इष्ट होय.

प्रथम दोन्ही यंत्रांवरील खाचा पाहाव्यात. लहान, चपटी खाच एचडीएमआयची. तिच्यातून चित्र व आवाज दोन्ही जातात. १५ छिद्रांची, बहुधा निळी, ती व्हीजीएची. ही १९८७ सालची पद्धत असून तिच्यातून केवळ चित्र जाते. आवाजाची सोय निराळी करावी लागते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि जुन्या प्रोजेक्टरला केवळ व्हीजीए असेल, तर साधी केबल चालत नाही. मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असाच मागून घ्यावा. उलट दिशेचा निरुपयोगी ठरतो.

केबल जोडल्यावर टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ची कळ दाबून केबल ज्या खाचेत बसविली तिचाच क्रमांक निवडावा. चित्र न आल्यास यंत्र बिघडले असे मानण्यापूर्वी ही निवड पुन्हा तपासावी. नंतर लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ दाबावे. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येते. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास मोठा पडदा स्वतंत्र राहतो.

हा भेद महत्त्वाचा आहे. शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये मुलांचे गुण, आधार क्रमांक, पालकांची माहिती असते. ‘डुप्लिकेट’ असताना ती फाईल उघडली, तर एखाद्या मुलाचे कमी गुण साऱ्या वर्गासमोर येतात. त्या मुलाच्या मनास लागलेली ही गोष्ट लवकर पुसली जात नाही. म्हणून ‘एक्स्टेंड’ ठेवावे, केवळ पाठाची खिडकी मोठ्या पडद्यावर सरकवावी आणि इतर फाईली आधीच बंद कराव्यात.

वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालतो, टीव्ही मात्र बंद पडतो. तेव्हा भिंतीवरील नकाशा व फळा सिद्ध असावेत. चित्र दाखविताना त्या वस्तूस घरी काय म्हणतात, हे मुलांस विचारावे. अहिराणी असो वा शिरपूरकडील पावरी, तो शब्द प्रथम फळ्यावर लिहावा आणि शेजारी पुस्तकातील शब्द लिहावा.