नऊ दिवसांची जत्रा, वर्षभराची डागडुजी

१९६५ मध्ये दक्षिण मुंबईतल्या एका चौकातून घोडा उचलला गेला आणि नाव मागे राहिलं. राजपुत्र असताना १८७५ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा शिल्पकार जोसेफ एडगर बोएम यांनी घडवला होता आणि आल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला होता. मुंबईकरांनी स्वाराकडे फारसं लक्ष दिलं नाही. चौक ओळखला जाऊ लागला तो काळ्या घोड्याच्या नावानं. स्वातंत्र्यानंतर गोऱ्या राजाराण्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलले, तेव्हा हा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. रिकाम्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढची तीस-पस्तीस वर्षं काळा घोडा म्हणजे प्रामुख्यानं एक वाहनतळ होता.

त्या वाहनतळाभोवती काय काय होतं, याची यादी केली तर आश्चर्य वाटतं. १९२२ मध्ये खुलं झालेलं, जॉर्ज विटेट यांनी रचलेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी. कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज या दगडी इमारती. त्यातल्या कॉलेजच्या इमारतीतच राज्याचं पुराभिलेखागार. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं वॉटसन्स हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले आणि देशात सिनेमा आला. गल्लीत वळलं की १८८४ चं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग. रीगल चौकापासून विद्यापीठापर्यंत आणि ओव्हल मैदानापासून नौदलाच्या लायन गेटपर्यंतचा हा पट्टा रमतगमतही अर्ध्या तासात पालथा घालता येतो. एवढा ऐवज एवढ्याशा जागेत असूनही माणसं तिथून फक्त कचेरीत जायची आणि कचेरीतून स्टेशनवर.

इमारतींची अवस्था वाईट होती आणि त्यामागे हिशेब होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला त्याचा आधार मिळाला, पण कायदा दशकानुदशकं तसाच राहिला. पागडीच्या जागांतून मालकाच्या हाती येणाऱ्या भाड्यात जिन्याचा कठडाही दुरुस्त होत नव्हता. फोर्टमधल्या देखण्या दर्शनी भिंतींवर वायरी, वातानुकूलन यंत्रं आणि दुकानांच्या वेड्यावाकड्या पाट्या चढत गेल्या. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा जतनाचे नियम आले. देशातल्या कुठल्याही शहरासाठी झालेले हे असे पहिले नियम. त्यांनी इमारतींना श्रेणी दिल्या, समिती नेमली, परवानगीशिवाय पाडापाडी करता येणार नाही असं बजावलं. मात्र दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, याचं उत्तर नियमांत नव्हतं.

काळा घोडा असोसिएशन या प्रश्नातून उभी राहिली. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही वास्तुविशारद आणि नगररचनाकारांची संस्था फोर्टचा अभ्यास करत होती. या भागातल्या कलादालनांना आणि संग्रहालयांना एकत्र बांधून त्याला ‘कला परिसर’ म्हणून ओळख द्यावी, हा विचार त्या अभ्यासातून पुढे आला. ३० ऑक्टोबर १९९८ रोजी असोसिएशनची स्थापना झाली. परिसरातल्या संस्था, व्यावसायिक, कलावंत आणि वास्तुविशारद त्यात एकत्र आले. हेतू सरळ होता: हा भाग सांभाळायचा आणि त्यासाठी लागणारा पैसा इथेच उभा करायचा. १९९९ मध्ये पहिला काळा घोडा कला महोत्सव भरला.

आज महोत्सव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रॅम्पार्ट रो येते. के. दुभाष मार्ग हे तिचं कागदोपत्री नाव. नऊ दिवस तिथली वाहतूक बंद होते, दुतर्फा हस्तकलेच्या वस्तूंचे स्टॉल लागतात, मधोमध भल्यामोठ्या मांडणीशिल्पांसमोर फोटोंसाठी झुंबड उडते. पण महोत्सवाचा खरा विस्तार रस्त्याबाहेर आहे. ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम, संग्रहालयाच्या हिरवळीवर मुलांची धमाल, सभागृहांत नाटकं आणि चित्रपट, शिवाय वारसा फेऱ्या, कार्यशाळा, नगररचनेवरच्या चर्चा. गाणं आणि नाच कधी क्रॉस मैदानात, कधी एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर. प्रवेश मोफत. ज्यांनी कधी नाट्यगृहाचं तिकीट काढलं नाही असे लोक इथे शास्त्रीय नृत्य उभ्यानं बघतात. चित्रकार ब्रिंदा मिलर यांनी अनेक वर्षं महोत्सवाची धुरा वाहिली; विभागवार जबाबदाऱ्या घेणारी मंडळी मुख्यतः हौसेनं काम करणारी आहेत.

पडद्यामागचं काम मात्र हौसेवर भागत नाही. पालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, मैदानांचे आणि इमारतींचे धनी, अशा सगळ्यांच्या परवानग्या लागतात. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला थांबवावा लागतो. जवळच न्यायालय आणि महाविद्यालयं असल्यानं शांतता क्षेत्राच्या अटीही सांभाळाव्या लागतात. पैसा प्रायोजकांकडून आणि स्टॉलच्या भाड्यातून येतो. प्रेक्षकाकडून काही घ्यायचं नाही, पण त्याच्या गर्दीमुळे प्रायोजक मिळतो आणि प्रायोजकामुळे डागडुजीला हातभार लागतो, असं हे साधं चक्र आहे.

या चक्रातून काय निघालं, ते जागेवर जाऊन बघता येतं. फोर्टच्या बझारगेट भागातलं बोमनजी होरमसजी वाडिया स्मारक, म्हणजे घड्याळाचा मनोरा असलेली १८८२ ची पाणपोई, दुरुस्त झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. केनेसेथ इलियाहू सिनेगॉगचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं आणि त्यालाही युनेस्कोनं गौरवलं. ससून ग्रंथालयावर मधल्या काळात काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकलेला होता. तो काढून पूर्वीसारखं उतरतं छप्पर चढवलं आणि २०२३ मध्ये वाचनालय नव्या रूपात खुलं झालं. सिनेगॉग आणि ग्रंथालय ही दोन्ही कामं वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केली. पैशाचा मोठा भाग उद्योगांच्या फाउंडेशनांकडून आला, हेही सांगायला हवं. असोसिएशन त्यात भागीदार होती, एकटी कर्ती नव्हती. पण पंचवीस वर्षं त्याच परिसराचा पाठपुरावा करणारी एक संस्था असली की देणगीदाराला दार ठोठावायला एक ठिकाण मिळतं.

२०१७ मध्ये चौकात घोडाही परत आला. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांची घडण. यावेळी पाठीवर कुणी नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात ओव्हलच्या पूर्वेकडची ही रांगही आली. पालिकेनं इथल्या आतल्या गल्ल्यांची फरसबंदी दगडात करायला घेतली. रोप वॉक लेन किंवा साईबाबा मार्ग यांसारख्या, पूर्वी फक्त माल उतरवायच्या कामाच्या वाटणाऱ्या गल्ल्यांत लोक आता संध्याकाळी फिरायला येतात.

व्यापाराचं काय झालं, हा या गोष्टीतला अवघड भाग. काही जुनी नावं टिकली. १९४६ पासूनचं ‘चेतना’ आहे, समुद्री खाण्यासाठी प्रसिद्ध ‘तृष्णा’ आहे. जुन्या गोदामांत आणि कचेऱ्यांत कॅफे, कलादालनं, फॅशन डिझायनरांची दुकानं आली. पण जहांगीर गॅलरीतलं ‘समोवार’ २०१५ मध्ये बंद झालं. रेकॉर्ड आणि कॅसेट विकणारं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये मिटलं; पुढे ती जागा एका हिरे व्यापाऱ्याच्या कंपनीकडे गेली आणि ईडीच्या जप्तीत अडकली. ऱ्हिदम हाउसला संपवलं ते संगीत ऐकण्याच्या बदललेल्या सवयीनं, महोत्सवानं नव्हे. तरीही भाग नावारूपाला आला की भाडं चढतं आणि कमी नफ्याचा धंदा आधी उठतो, हे जगभरचं गणित इथेही लागू पडलं. २००० पासून अमलात आलेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यानं मोठ्या कंपन्यांच्या जागांवरचं संरक्षण काढलं, त्यानंतर ही चढण आणखी मोकळी झाली.

मराठी वाचकाला इथे अरुण कोलटकर आठवतील. दुभाष मार्गावरच्या ‘वेसाइड इन’मध्ये बसून त्यांनी हा चौक वर्षानुवर्षं न्याहाळला आणि २००४ मध्ये त्यांच्या इंग्रजी ‘काळा घोडा पोएम्स’ प्रसिद्ध झाल्या. त्यांचा काळा घोडा झाडूवालीचा, पदपथावर जगणाऱ्यांचा, सकाळच्या इडलीवाल्या बाईचा आहे. ‘वेसाइड इन’ आता नाही. पदपथावर राहणाऱ्या माणसांना सुशोभित काळ्या घोड्यात जागा कुठे, हा प्रश्न महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडत नाही. जहांगीरबाहेरच्या पदपथावर चित्रं मांडणाऱ्या कलाकारांनी मात्र आपली जागा राखली आहे. पुनरुज्जीवनाची कसोटी लावायचीच, तर ती नव्या कॅफेला लावण्यापेक्षा या पदपथाला लावावी.

टीका आणखीही आहे. शेवटच्या शनिवार-रविवारी इतकी रेटारेटी होते की चित्र बघण्यापेक्षा पुढच्याची मान बघावी लागते. प्रायोजकांच्या पाट्या वाढल्या. आणि वॉटसन्सचा प्रश्न महोत्सवाला सुटला नाही. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडनं ही इमारत जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंमध्ये घातली आणि २०१९ मध्ये ती राहती माणसं हलवून रिकामी करावी लागली. मालक, भाडेकरू, न्यायालय आणि सरकार यांच्यात अडकलेल्या वास्तूपुढे स्वयंसेवी संस्थेचे हात बांधलेलेच राहतात.

याच ठिकाणी टोरांटोचं उदाहरण कामाचं आहे. तिथल्या ब्लूर स्ट्रीटच्या पश्चिम भागातल्या दुकानदारांचं गिऱ्हाईक १९६० च्या दशकात नव्या मॉलनी आणि भुयारी रेल्वेनं पळवलं. त्यांनी मागणी केली की हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकावर शहरानं थोडा जादा कर लावावा, तो पालिकेनं वसूल करावा आणि रस्ता सुधारायला दुकानदारांच्याच मंडळाकडे सोपवावा. १९७० मध्ये ‘ब्लूर वेस्ट व्हिलेज’ हे असं पहिलं मंडळ झालं आणि ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. फुकट लाभ घेणारा शेजारी त्यात सुटत नाही. काळ्या घोड्याकडे असा कायदेशीर वाटा नाही. एका वर्षी प्रायोजक मागे हटला किंवा महोत्सवच भरला नाही, तर पुढची दुरुस्ती अडते. कोविडनं ते दाखवून दिलं. रस्त्यावरचा महोत्सव परतला तो २०२३ मध्ये.

तरीही काळा घोडा हा महाराष्ट्रातल्या गावठाणांना आणि बाजारपेठांना गिरवता येण्याजोगा धडा आहे. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा होतो. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर इथल्या जुन्या पेठांतही उत्सवांना आणि गर्दीला तोटा नाही. उणीव आहे ती उत्सव संपल्यावर उरलेला पैसा त्याच गल्लीच्या छपराला, नळाला, पदपथाला लावणाऱ्या आणि दर वर्षी त्याचा हिशेब मांडणाऱ्या संस्थेची. स्टॉल, मांडव आणि रोषणाईची नक्कल कुणालाही करता येते. पेठेतल्या व्यापारी संघानं पुढचा महोत्सव ठरवताना आधी दुरुस्तीच्या पाच कामांची यादी करावी, पदपथावर पोट भरणाऱ्यांना त्या बैठकीला बोलवावं, आणि मगच मांडववाल्याला फोन करावा.