स्कार्फही राहील, सायन्सही

एप्रिल महिना होता. धारणीचं ऊन ज्यांनी सोसलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको. स्टाफरूमचा पंखा गरम हवाच फिरवत होता. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "म्याडम, एवढ्या उन्हात डोक्याला हे बांधून गरमी नाही होत का तुम्हाले?"

"होते ना," मी म्हटलं. "तुम्ही स्कूटीवर तोंडाला बांधून येता, तेव्हा तुम्हाले नाही होत?"

दोघीही हसलो. मग त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा, घरचे म्हणतात म्हणून बांधता, की तुमच्या मनानं?"

बाईंच्या विचारण्यात टोमणा नव्हता. म्हणून मीही उत्तर टाळलं नाही. तेच उत्तर आज आपल्या मासिकाच्या वाचक भगिनींसमोर, आणि विशेषतः मुलींच्या अब्बा-अम्मींसमोर ठेवते आहे.

आधी शब्दाविषयी. आपण ज्याला हिजाब म्हणतो, त्या डोक्यावरच्या ओढणीसाठी पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये 'खिमार' हा शब्द आला आहे. ही ओढणी छातीवरून घ्यावी, अशी आज्ञा तिथे आहे. 'हिजाब' हा शब्द सूरह अहजाबमध्ये आड, पडदा या अर्थाने येतो. आणखी एक गोष्ट आपण फार कमी वेळा सांगतो. सूरह नूरच्या ३१व्या आयतीत स्त्रियांना आज्ञा आहे, पण त्याच्या आधीच्या, ३०व्या आयतीत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे हयेचा धडा आधी पुरुषांना दिला आहे. घरात मुलीला ओढणीची आठवण करून देताना मुलाला नजरेची आठवण करून देतो का, हे आपण स्वतःलाच विचारून पाहावं.

माझी नानी लुगडं नेसायची आणि डोक्यावरून पदर घ्यायची. शेजारची पाटलीणबाईही तसाच पदर घ्यायची. वऱ्हाडात मोठ्या माणसांसमोर डोक्यावर पदर घेणं ही साऱ्या घरांतली रीत होती. माझी अम्मी बाहेर जाताना बुरखा घालायची. मी मात्र बी.एड.च्या वर्षापर्यंत ओढणी कधी डोक्यावर, कधी खांद्यावर अशीच वावरले. मला कुणी रागावलं नाही. त्या वर्षी नमाज नियमित झाली. नमाजेपुरती डोक्यावर येणारी ओढणी नमाजेनंतर काढावीशी वाटेना. अल्लाहसमोर जशी उभी राहते, तशीच दिवसभर राहावं, एवढंच मनात होतं. बाईंच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: ती माझी इबादत आहे.

पण सगळ्यांचं उत्तर एकच नसतं. माझ्या ओळखीच्या एका नर्सताई म्हणतात, "स्कार्फ बांधला की मी कोण आहे हे लक्षात राहतं, जीभ आवरते." कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणते, "माझ्याकडे पाहण्याआधी लोकांनी माझं म्हणणं ऐकावं, असं वाटतं." एकजण मोकळेपणाने म्हणाली, "आमच्या मोहल्ल्यात सगळ्याच बांधतात, म्हणून मीही बांधला. कारण पुढे समजलं." आणि एकीने सांगितलं, "बांधला नाही तर घरातून बाहेरच सोडणार नाहीत."

हे शेवटचं उत्तर ऐकून मी गप्प झाले. कर्माची किंमत नियतवर ठरते, ही हदीस आपण लहानपणापासून पाठ करतो. धर्मात जबरदस्ती नाही, हे सूरह बकरहने सांगितलं आहे. मग भीतीने बांधलेल्या स्कार्फमध्ये नियत कुठून येणार? आज्ञा समजावून सांगणं हे आई-वडिलांचं कर्तव्य आहे. पण मन वळवायला वेळ लागतो, धाक दाखवायला लागत नाही, म्हणून आपण सोपा रस्ता धरतो. आणि जी बहीण स्कार्फ बांधत नाही, तिच्या ईमानाचं माप काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. तसंच, स्कार्फ बांधला म्हणजे छेडछाड होणारच नाही, असंही मुलीला सांगू नये. उद्या कुणी वाईट वागलं तर ती स्वतःलाच दोष देत बसेल. दोष छेडणाऱ्याचाच असतो, मग मुलीच्या अंगावर काहीही असो.

इराणचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९३६मध्ये रझा शाहने पडद्यावर बंदी घातली आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९च्या क्रांतीनंतर त्याच देशात पडदा सक्तीचा झाला आणि तो नीट नाही म्हणून पोलीस बायकांना पकडू लागले. २०२२मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि सारा देश हादरला. एकदा काढायची सक्ती, एकदा घालायची. स्वतः त्या स्त्रीला मात्र दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयात गेला. कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गणवेशाचा आदेश काढला. १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश योग्य ठरवला, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी हा अखेर मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे आणि तिचं शिक्षण अधिक महत्त्वाचं आहे, असं मत दिलं. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याचं ठरलं.

मग हाच प्रश्न महाराष्ट्रात आला. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. या नऊ मुली शास्त्र शाखेत पदवीचा अभ्यास करत होत्या. कॉलेज सोडून घरी बसणं त्यांना सोपं होतं. त्यांनी वकील गाठला, कारण त्यांना शिकायचं होतं. मला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हे सगळं धारणीत बसून का लिहिते आहे? कारण त्या एप्रिलनंतर, दहावीच्या निकालाच्या दिवशी, एक हुशार विद्यार्थिनी माझ्याकडे रडत आली. तिला सायन्स घ्यायचं होतं. कुणीतरी तिच्या अब्बांना सांगितलं होतं की बाहेरगावच्या कॉलेजात स्कार्फ चालत नाही. अब्बांनी ठरवून टाकलं, मग कॉलेजच नको.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. अब्बा चांगले, कष्टाळू गृहस्थ. "मॅडम, दीन जपायचा की डिग्री?" ते म्हणाले. मी म्हटलं, "भाई, इल्म शिकणं फर्ज आहे, हे आपल्याला दीननेच सांगितलंय ना? मग दोघांत भांडण कशाला लावता? आणि कॉलेजला कुणी विचारलंय का? या पोरीला कुणी विचारलंय का?"

घरात शांतता पसरली. अम्मी चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली. अब्बांनी मुलीकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच विचारलं, "बोल, तुला काय पाहिजे?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "अब्बा, स्कार्फ भी रहेगा, सायन्स भी."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक घाट उतरून परतवाड्याला गेले. एका कॉलेजात सरळ विचारलं. गणवेशाच्या रंगाचा साधा स्कार्फ चालेल, असं उत्तर मिळालं. ऐकीव गोष्टीवर दोन वर्षं, कदाचित सारं आयुष्य, वाया जाणार होतं.

म्हणून पालकांना काही साध्या गोष्टी सांगते. प्रवेशाआधी कॉलेजला स्वतः भेटा, गणवेशाचा नियम लेखी मागा. गणवेशाशी जुळणारा, सुती स्कार्फ घ्या. प्रयोगशाळेत त्याची टोकं आत खोचून पिन लावायला शिकवा, बर्नरजवळ लोंबती टोकं धोक्याची असतात. 'नीट' परीक्षेच्या सूचनांमध्ये धार्मिक पोशाखातील परीक्षार्थींनी तपासणीसाठी लवकर यावं असं सांगितलेलं असतं. सूचना नीट वाचा आणि मुलीला वेळेच्या बरंच आधी केंद्रावर पोहोचवा. आणि एखाद्या ठिकाणी नकार मिळालाच, तर दुसरं कॉलेज शोधा, मुलीला घरी बसवू नका.

शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये त्या बाईंना मी ही हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "पोरगी मोठी हिकमती निघाली." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या पोरीचं तर स्कार्फ-बिर्फ काही नाही, तरी दहावीनंतर लग्नच लावून दिलं."

मुलीला विचारायचं राहून जातं, ते फक्त आपल्याच घरांत नाही. पण सुरुवात आपल्या घरापासून करायला काय हरकत आहे? आज संध्याकाळी, मगरिबनंतर, आपल्या लेकीला जवळ बसवा. तिला काय वाटतं ते विचारा आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका. अल्लाह आपल्या मुलींना इल्म आणि हया दोन्ही देवो. आमीन.