राखणीचं कुत्रं आणि मालकाची जबाबदारी



तोडणी कार्यक्रम सुरू झाला की गट ऑफिसात तक्रारी येऊ लागतात. तोड लवकर मिळत नाही, वाड्यावरून वाद, गाडीवाटेवरून वाद. या तक्रारी आमच्या सवयीच्या आहेत. परंतु अलीकडे आणखी एक तक्रार वरचेवर कानावर येते. चिटबॉय सांगतो, "त्या मळ्यात एकटा जाणार नाही, तिथलं कुत्रं अंगावर येतंय." मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले : "आमचं कुत्रं? छे हो! ते कुणाला काय करत न्हाई, नुसतं भुंकतंय."

मालकाला ते काही करत नाही, हे खरेच आहे. त्याच्या हातची भाकरी ते खाते. पण मळ्यात मालक सोडून कितीतरी माणसे येतात. चिटबॉय, वायरमन, रात्रीच्या पाळीला पाणी पाजायला निघालेला शेजारी, पहाटे किटली घेऊन डेअरीला जाणारे पोर, आणि हंगामात बीडकडून आलेली आख्खी टोळी, लेकराबाळांसह. त्यांच्यातले कोण चोर आणि कोण साव, हे कुत्र्याला कसे कळावे? ते आपल्याला कळते, म्हणून जबाबदारी आपली.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण मालक भला माणूस आहे. त्याच्या फडात तोड चालू होती. टोळीतले पाच-सहा वर्षांचे पोर विहिरीकडे पाणी प्यायला गेले आणि मोकळ्या कुत्र्याने त्याची पोटरी धरली. मालक धावत आला. जखमेवर हळद दाबली, वर फडके बांधले, पोराच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. मग रागाच्या भरात कुऱ्हाडीच्या दांड्याने कुत्रे मारले आणि ओढ्याकडेला पुरून टाकले. त्याच्या मनाने प्रकरण मिटले होते. आमच्या चिटबॉयला दुसऱ्या दिवशी समजले, आणि त्याने पोराला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले. पोर सुखरूप आहे. पण मालकाने चांगल्या मनाने जे जे केले, ते बहुतेक सगळे चुकीचे होते.

हळदीपासून सुरुवात करू. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. चाव्याबरोबर ते मांसात उतरतात आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. मेंदूपर्यंत पोचून लक्षणे दिसू लागली, की मग औषध नाही. माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण या प्रवासाला वेळ लागतो, बहुधा एक ते तीन महिने, क्वचित आठवडाभर तर क्वचित वर्षावर. चेहरा, मान, हाताची बोटे येथील चावा जास्त वाईट. तेव्हा पहिले काम जखमेतली लाळ धुऊन काढण्याचे. साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मळ्यात मोटार चालू असेल तर पाइपखाली पाय धरावा, इतके सोपे आहे. हळद, चुना, मिरची, तंबाखू यांतले काहीही भरू नये. जखम घट्ट बांधू नये. मंत्रून आणण्यात दिवस घालवू नये. धुणे झाले की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र.

पुष्कळ जण अजून सुयांना भितात. पोटात चौदा सुया, ही जुनी धास्ती. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. २००५ सालापासून ती आपल्याकडे वापरात नाही. आताची सुई दंडात देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे दिवस असतात; स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाची एक वाढते. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून हे मोजतात. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. लशीने अंगात ताकद यायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून कातडी फाटून रक्त आले असेल, तर लशीबरोबर सुरुवातीलाच जखमेत आणि जखमेभोवती सिरम भरावे लागते. प्रत्येक केंद्रात ते असतेच असे नाही. नसेल तर "कुठे मिळेल?" असे डॉक्टरांना स्वतः विचारावे आणि उपजिल्हा रुग्णालय किंवा कोल्हापूरचे सीपीआर गाठावे. २०२४ च्या सुरुवातीला कोल्हापूर शहरात भटक्या कुत्र्याने चावलेली एक तरुण मुलगी, लस घेतलेली असतानाही, रेबीजने गेली. ती बातमी वाचून "लशीचा उपयोगच नाही" असे कट्ट्यावर बोलणारे आम्ही ऐकले. ते बोलणे घातक आहे. धुणे, सिरम आणि लस ही तिन्ही वेळेत झाली तर माणसे वाचतात, आणि लाखो वाचलेली आहेत.

आता कुत्रे मारण्याबद्दल. चावलेले कुत्रे मारणे म्हणजे हातातला पुरावा फेकून देणे. कुत्र्याच्या लाळेत रेबीज उतरला असेल, तर ते साधारण दहा दिवसांच्या आत स्वतः आजारी पडून मरते. दहा दिवसांनंतरही ते खात-पीत, धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे धरता येते, आणि पुढच्या सुया कमी करायच्या का ते डॉक्टर ठरवतात. सुया मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायच्या. दहा दिवस वाट बघत बसायचे नाही. सबब कुत्रे दणकट साखळीने वेगळे बांधावे, लांबूनच भाकर-पाणी द्यावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना वर्दी द्यावी. आवाज घोगरा होणे, खालचा जबडा लोंबणे, लाळ गळणे, माती-लाकूड चावणे, मालकालाही न ओळखणे ही वाईट चिन्हे होत. काही पिसाळलेली कुत्री धावत सुटत नाहीत, कोपऱ्यात गप्प पडून राहतात. "घशात हाडूक अडकलंय" म्हणून तोंडात हात घालणारे मालक आहेत. त्यांनी तो हात आवरावा.

आपल्या भागात कारवानी कुत्र्याची हौस जुनी. दहा-दहा हजार मोजून पिल्लू आणणारा सभासद वर्षाची लस टोचायला मात्र विसरतो, याचे नवल वाटते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. दाखला घरात जपून ठेवावा. नसबंदी केली तर नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजारात नाहीतर कारखान्याच्या बगॅस यार्डाकडे सोडण्याची वेळ येत नाही. (ती कोण सोडते हे आम्हाला साधारण ठाऊक आहे.) दिवसरात्र आखूड साखळीला बांधलेले कुत्रे जास्त चिडके होते, तेव्हा रात्री कुंपणाच्या आत मोकळे आणि माणसांची ये-जा असताना बंद, ही रीत बरी. तोड येणार त्या दिवशी तरी कुत्रे गोठ्यात ठेवाच.

कायदाही माहीत असावा. आपले जनावर आवरण्यात हयगय करून माणसाच्या जिवाला धोका आणला, तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या कुत्र्याला विष घालणे हाही गुन्हाच. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचे काम आहे. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडावा. मेलेली कोंबडी आणि मटणाची घाण ओढ्याला टाकणे बंद केले, तरी टोळकी निम्मी पांगतील असा आमचा अंदाज आहे.

म्हैस चावली असेल तर तीही धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. कच्चे दूध कोणी पिऊ नये.

राहिला खर्च. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी टोळीच्या माणसाला झेपत नाही. ती कुत्र्याच्या मालकाने द्यावी आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या गाडीवरून न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दवाखान्यात पुढच्या तारखांचा कागद देतात. तो मुकादमाकडे नव्हे, पोराच्या आईकडे द्यावा, आणि फड संपून टोळी दुसऱ्या गावी हलली तरी तोच कागद दाखवून तिथल्या केंद्रात पुढची सुई घेता येते, हे तिला नीट समजावून सांगावे.