अठरा वर्षे पूर्ण, पोटगी बंद

बारावीचे वर्ष हे मध्यमवर्गीय घरातील सर्वांत खर्चिक वर्षांपैकी एक. शिकवण्या, प्रवेश परीक्षांची शुल्के, पुढे महाविद्यालय आणि वसतिगृह यांचा आकडा तेथूनच चढू लागतो. नेमके त्याच सुमारास मूल अठरा वर्षांचे होते. आईवडील विभक्त असतील, तर वडिलांकडून दरमहा येणाऱ्या पोटगीचा मुख्य कायदेशीर आधार त्या वाढदिवशी नाहीसा होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ या बाबतीत एकाच भाषेत बोलतात. अपत्य सज्ञान झाल्यावर शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तरच त्याला हक्क. विवाहित कन्येला तोही नाही. शिक्षण हे कारण या कलमात बसत नाही.

अठराची ही रेषा आखली गेली ती कलकत्त्यात, हे शहर हिंदुस्थानची राजधानी असताना. १८७५ च्या सज्ञानता कायद्यापूर्वी बंगाली हिंदू मुलगा पंधरा वर्षे पूर्ण होताच सज्ञान गणला जाई. मिताक्षरा मानणाऱ्या प्रांतांत, म्हणजे आपल्याकडेही, सोळा पूर्ण होताच. दस्तऐवजांवर कोणाची सही चालेल याविषयीचा गोंधळ मिटावा म्हणून सरकारने एकच वय ठरवले. मात्र त्याच कायद्यात एक अपवाद होता. ज्याच्या मालमत्तेवर न्यायालयाने पालक नेमला आहे किंवा जिची देखरेख कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे आहे, तो एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान राही. जमीनदाराचा वारस एकवीसपर्यंत संरक्षणास पात्र होता. ही तरतूद थेट १९९९ मध्ये रद्द झाली.

निर्वाहाचे कलम याहून जुने आहे. १८६१ च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होते आणि १८९८ च्या संहितेत ते कलम ४८८ म्हणून आले. त्यामागची दृष्टी दयेची कमी आणि बंदोबस्ताची अधिक होती: निराधार बायकामुले भटकंतीला लागू नयेत. तरीही या वसाहतकालीन कलमात वयाची अट नव्हती. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ अपत्य’ एवढेच शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नानक चंद खटल्यात याच शब्दांचा आधार घेऊन सांगितले की अपत्य म्हणजे अज्ञान अपत्यच असे नव्हे. कसोटी वयाची नसून असमर्थतेची आहे. चारच वर्षांनी, १९७३ च्या संहितेत, अपत्याच्या आधी ‘अज्ञान’ हे विशेषण आले आणि तो दरवाजा बंद झाला. ज्यांनी सचिवालयात मसुदे हाताळले आहेत त्यांना ठाऊक असते की, असा एखादा शब्द कित्येक पानांच्या भाषणांहून परिणामकारक ठरतो. शिवाय या कलमाची चाल मुळातच संथ. दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा १९५५ पासून २००१ पर्यंत टिकली. पश्चिम बंगालने १९९२ मध्ये ती आपल्यापुरती दीड हजारांवर नेली, एवढाच दिलासा.

मुलींची स्थिती किंचित बरी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार अविवाहित कन्या स्वतःच्या कमाईवर वा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तर तिचा निर्वाह ही आईवडिलांची जबाबदारी आहे, ती सज्ञान झाल्यावरही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आईला सज्ञान अविवाहित मुलीसाठी कलम १२५ खालीच निर्वाह मागता येतो असे म्हटले होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘अभिलाषा’ खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क १९५६ च्या कायद्याचा आहे. दंडाधिकाऱ्यासमोरच्या झटपट अर्जातून तो मिळणार नाही, त्यासाठी त्या कायद्याखाली स्वतंत्र दाद मागावी लागेल. याच कायद्यातील निर्वाहाच्या व्याख्येत शिक्षणाचा खर्च येतो, आणि अविवाहित कन्येसाठी तिच्या विवाहाचाही. तिचा हक्क टिकतो तो ती विद्यार्थिनी आहे म्हणून नव्हे, अजून उजवलेली नाही म्हणून. मुलाला मात्र अठराव्या वर्षी कमावता मानून टाकले जाते.

ही विसंगती न्यायालयांना बोचते आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका आईला मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, दरमहा पंधरा हजार रुपये देण्याचा आदेश दिला. मुलगा सज्ञान झाला म्हणून त्याचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येत नाही, हा त्यामागचा विचार. रक्कम मुलाच्या नव्हे, आईच्या नावे द्यावी लागली, यातच कायद्याची अडचण दिसते. प्रत्येक आईला उच्च न्यायालय गाठता येत नाही.

अखंड कुटुंबातील बापावर तरी पदवीचा खर्च करण्याची सक्ती कुठे आहे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. पण एकत्र घरात निर्णय दोघांचा असतो. विभक्त घरात एकाने हात काढून घेतला की दुसऱ्याला पर्याय उरत नाही, आणि तो दुसरा बहुधा आई असते. वर्षानुवर्षे नापास होत ‘विद्यार्थी’ राहणाऱ्यांना पोसावे असे कोणी म्हणत नाही. जर्मनीत पहिले व्यावसायिक शिक्षण योग्य मुदतीत पूर्ण होईपर्यंत पालकांचे दायित्व राहते, न्यूयॉर्क राज्यात ते एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. आपल्यालाही पहिली पदवी किंवा पहिले कौशल्यशिक्षण, वयाची वरची मर्यादा आणि दोन्ही पालकांच्या ऐपतीनुसार वाटा, असे कलम लिहिता येईल.

सरकारला हे वय किती नाजूक आहे याची जाणीव आहे. पश्चिम बंगालची २०१३ ची ‘कन्याश्री’ योजना अठरा वर्षांच्या, अविवाहित आणि शिकत असलेल्या मुलीला एकरकमी पंचवीस हजार रुपये देते. २०२१ पासून येथील विद्यार्थ्याला शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते, वयाच्या चाळिशीपर्यंत. म्हणजे शासनाच्या एका दालनात चाळिशीपर्यंतचा माणूस विद्यार्थी असतो आणि दुसऱ्या दालनात एकोणीस वर्षांचा मुलगा स्वावलंबी. या कर्जाला सहकर्जदार म्हणून पालकाची सही लागते, हेही लक्षात घ्यावे.

उलट दिशेने मात्र वयाची हद्द नाही. सज्ञान अपत्याने निर्धन आईवडिलांना सांभाळावे, असे तेच कलम १२५ सांगत आले. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर कन्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही जबाबदारी मुलींवरही असल्याचा निर्वाळा दिला, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ती आणखी पक्की केली. ज्या मुलाचे शुल्क बापाने अठराव्या वर्षी थांबवले, त्याच्याकडे तोच बाप वृद्धापकाळी अर्ज घेऊन जाऊ शकतो.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांच्या वकिलांनी संमतीपत्रात एक ओळ अवश्य घालावी: अपत्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी, किती आणि कोणत्या टप्प्यापर्यंत करायचा. मूल तेव्हा चार-पाच वर्षांचे असते आणि महाविद्यालय फार दूर वाटते, म्हणून ती ओळ सहसा राहून जाते.